दोन रुपयांचं अर्धवट कोरं नाणं: टांकसाळीची चूक की कानशीचं काम?

प्रश्न: माझं पारोळ्याला किराणा दुकान आहे. गल्ल्यातली चिल्लर मोजताना वेगळी दिसणारी नाणी मी बाजूला काढून ठेवते. सध्या तीन आहेत. एक दोन रुपयांचं, त्याचा साधारण पाव भाग कोरा आहे. दुसरं दहा रुपयांचं, त्याच्या मधल्या पांढऱ्या भागावरचे सिंह तिरके झालेत, कडेचं ‘भारत’ मात्र सरळ आहे. तिसरा एक रुपया भुसावळच्या भाच्यानं आणून दिला, तो पातळ आणि लांबट आहे. शिवाय पाच रुपयांच्या काही नाण्यांवर सालाखाली चांदणी दिसते, काहींवर काहीच नाही. मुलानं फोटो मोबाइलवर टाकले, तर एका माणसाचा फोन आला: ‘दहाच्या नाण्याचे साडेचार लाख देतो. आधी नोंदणीचे २,१०० रुपये भरा, रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र घरी येईल.’ घरात दोन मतं पडली आहेत. पैसे भरू का? आणि ही नाणी खरंच टांकसाळीत चुकलेली आहेत का?
– एक वाचक, पारोळा

ताई, आधी पैशाचं बोलू. २,१०० रुपये भरू नका. दोनशेसुद्धा नाहीत. जुन्या किंवा वेगळ्या नाण्यांचा असा कुठलाही व्यवहार रिझर्व्ह बँक करत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिच्या नावानं पैसे घेण्याचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं तसं पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं. आज २,१०० भरले की उद्या ‘जीएसटी’, परवा ‘विमा’ आणि मग ‘आयकराचं पत्र’ असं मागणं वाढत जातं. घरातल्या कुणी आधीच पैसे पाठवले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? त्या माणसानं नाण्याचं वजन विचारलं नाही. मागची बाजू पाहिली नाही, कडेचा फोटो मागितला नाही. नाणी गोळा करणारा माणूस भावाचं बोलण्याआधी हे विचारतोच. आणि तीन नाण्यांतून त्यानं दहाचं उचललं, ज्यात खरं तर काहीच नाही. का ते सांगते, पण त्यासाठी नाणं कसं बनतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. ते एकदा डोक्यात बसलं की गल्ल्यात पुढे येणारं कुठलंही नाणं तुमचं तुम्हालाच तपासता येईल, कुणाच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही.

टांकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. आपण मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडतो, तसंच. वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीला चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. चकतीचंही तसंच होतं, आणि कड खाल्लेलं नाणं तयार होतं. मग चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, यंत्रातून फिरवून त्यांची कड थोडी उचलतात. शेवटी चकती दोन ठशांच्या मध्ये येते. खाली एक ठसा, वर एक, आणि भोवती पोलादी कडं. वरचा ठसा प्रचंड दाबानं आदळतो, एका क्षणात दोन्ही बाजू उमटतात, आणि भोवतीच्या कड्यामुळे धातू बाहेर न पसरता नाणं नेमकं गोल राहतं.

एवढंच आहे. टांकसाळीची चूक म्हणजे या वाटेवर कुठेतरी झालेला घोटाळा: चकती चुकली, ठसा चुकला, नाहीतर आदळताना काही चुकलं. म्हणून वेगळं नाणं हातात आलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. हे त्या यंत्रात कसं घडलं असेल? उत्तर सांगता आलं तर नाणं पुढे तपासण्यासारखं आहे. सांगता येत नसेल तर जे झालं ते टांकसाळीबाहेर झालं: कानशीनं, हातोड्यानं, आगीनं, तेजाबानं किंवा रेल्वेच्या चाकाखाली.

आता दहाचं नाणं घ्या. दहाच्या नाण्यात दोन धातू असतात, बाहेरचं पिवळं कडं आणि आतली पांढरी चकती. पुष्कळांचा समज असा की दोन्ही भाग वेगवेगळे छापून नंतर एकात एक बसवतात. तसं नाही. कोरं कडं आणि कोरी चकती एकत्र ठशाखाली ठेवतात. त्याच आघातानं ती एकमेकांत घट्ट बसतात आणि त्याच आघातानं त्यांच्यावर छाप उठतो. म्हणजे मधले सिंह आणि कडेचं ‘भारत’ हे एकाच ठशावर कोरलेले असतात. त्यातले सिंह तिरके आणि ‘भारत’ सरळ, असं टांकसाळीत होऊच शकत नाही. तुमच्या नाण्याची चकती कुणीतरी ठोकून बाहेर काढली आहे आणि परत बसवताना ती फिरली आहे. सांध्यावर भिंग धरून पाहा. चकतीच्या कडेला ओरखडे, चेपलेली जागा किंवा बारीक फट दिसेल. कधी कधी डिंकासारखा पदार्थही सापडतो.

दहाच्या नाण्यात खरी चूकही होते. चकती मध्यभागी न बसता एका अंगाला सरकलेली असते, पण छाप मात्र सांध्यावरून न तुटता सलग गेलेला असतो, कारण आधी चकती सरकली आणि मग ठसा पडला. छाप सांध्यावर तुटला आहे की सलग आहे, दहाच्या आणि वीसच्या नाण्यात आधी एवढंच पाहायचं. तुमचं ते साडेचार लाखांचं नाणं गल्ल्यात टाका. दहा रुपयांपलीकडे त्याला मोल नाही.

दहाच्या नाण्यावरून आठवलं, म्हणून मध्येच सांगते. आपल्याकडे जळगाव-धुळ्यापासून शहाद्यापर्यंत कितीतरी दुकानदार दहाचं नाणं ‘बंद झालं’ म्हणून नाकारायचे. दहा किरणांचं खरं, पंधरा किरणांचं खोटं, रुपयाचं चिन्ह नसलेलं तर हमखास खोटं, असं सगळीकडे पसरलं होतं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की तोवर दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघाले होते आणि ते सगळेच चलनात आहेत. रुपयाचं चिन्हच मुळी २०१० मध्ये ठरलं आणि २०११ पासून नाण्यांवर येऊ लागलं, तेव्हा त्याआधीच्या नाण्यावर ते नसणारच. नमुना वेगळा म्हणजे चूक नव्हे आणि बनावटही नव्हे. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच आणि दहाच्या नाण्यांचंही तसंच. त्यांचे लाखो मिळतात अशी बातमी दर वर्षी फिरते. श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली ती नाणी आहेत आणि आजही चिल्लरीत सापडतात.

आता दोन रुपये. पत्र वाचताना मी थांबले ती इथे. या नाण्यावर मला थोडा वेळ घालवायचा आहे, कारण तिघांत खरं निघालं तर हेच निघेल.

चकती कड्यात नीट बसली नाही, एका अंगाला सरकून राहिली आणि तशीच ठशाखाली आली, तर ‘ऑफ सेंटर’ नाणं तयार होतं. चकतीचा जो भाग ठशाच्या बाहेर राहिला तो कोरा राहतो. इथपर्यंत तुमचं नाणं जुळतं. पण कानस किंवा ग्राइंडर लावून पाव भाग कोरा करणंही अवघड नाही, आणि तशी नाणी बाजारात फिरतात. तेव्हा चार गोष्टी पाहायच्या.

पहिली आणि सगळ्यांत खात्रीची: कोऱ्या भागाकडे पाहू नका, त्याच्या बरोबर समोरच्या कडेकडे पाहा. चकती डावीकडे सरकली म्हणून डावीकडचा भाग कोरा राहिला असेल, तर ठशाचा उजवीकडचा भाग चकतीच्या बाहेर पडला असणार, तिथे छाप घ्यायला धातूच नव्हता. म्हणून खऱ्या नाण्यात एका बाजूला कोरी कोर असते आणि समोरच्या बाजूला अक्षरं किंवा नक्षी कडेशी कापली गेलेली असते. सगळा छापच सरकलेला असतो. घासलेल्या नाण्यात हे साधता येत नाही. तिथे एक बाजू कोरी असते, पण समोरची किनार जागच्या जागी, पूर्ण आणि साबूत असते, मधली मुद्राही मध्यभागीच असते. पाव भाग नुसता पुसलेला असतो. घासणारा छाप पुसू शकतो, पण उरलेला छाप उचलून बाजूला सरकवू शकत नाही.

दुसरी: नाणं उलटा. दोन्ही ठसे समोरासमोर असतात, त्यामुळे चकतीचा जो भाग वरून बाहेर राहिला तोच खालूनही बाहेर राहिलेला असतो. अंगठा कोऱ्या भागावर ठेवून नाणं तसंच उलटं केलं तर बोटाखाली मागूनही कोरी जागाच यायला हवी. एक बाजू कोरी आणि तिच्या मागे स्वच्छ, पूर्ण छाप असेल तर ते बहुतेक वेळा घासकाम असतं. (एक संपूर्ण बाजू कोरी असणं ही वेगळी चूक. दोन चकत्या एकावर एक ठशाखाली आल्या की तसं होतं. पण त्यात पाव भाग नव्हे, अख्खी बाजू कोरी राहते.)

तिसरी: आकार. ऑफ सेंटर नाण्याला भोवतीच्या कड्यानं पुरतं धरलेलं नसतं, म्हणून आघातानं त्याचा धातू एकीकडे पसरतो आणि ते नेमकं गोल राहत नाही. साध्या दोन रुपयांच्या नाण्यावर ठेवून कडा जुळवून पाहा. तुमचं नाणं अगदी बरोबर गोल बसलं, तर माझी शंका वाढेल.

चौथी: वजन. सरकून छापलेल्या नाण्यातून धातू कमी झालेला नसतो, फक्त छाप चुकलेला असतो. म्हणून वजन पूर्ण भरायला हवं. घासलेल्याचं कमी भरतं. तुमच्या दुकानातला काटा इथे उपयोगाचा नाही, कारण फरक ग्रॅमच्या अंशात असतो. आपल्या भागाचं एक बरं आहे, सोन्याच्या व्यवहारासाठी माणसं लांबून जळगावला येतात आणि तालुक्याच्या गावातही ओळखीचा सराफ असतोच. त्याच्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर आधी दोन-तीन साधी दोन रुपयांची नाणी ठेवा, मग हे ठेवा. मात्र नाणी एकाच नमुन्याची हवीत. २०११ पासूनच्या रुपयाचं चिन्ह असलेल्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं आणि ४.८५ ग्रॅमचं असतं. २०१९ पासून आलेल्या, धान्याच्या नक्षीच्या मालिकेतलं त्याहून लहान आणि हलकं आहे, तर २०११ च्या आधीची आकारानं मोठी होती. भलत्याच नमुन्याशी तुलना केली तर साधं नाणंही चुकीचं वाटेल. थोडा फरक पडला तर घाबरू नका, वापरानंही नाणं झिजतं. पण ४.८५ ग्रॅमच्या नमुन्यातल्या नाण्याचा पाव भाग कोरा आणि वजन सरळ चार ग्रॅम भरलं, तर धातू कुठे गेला ते सांगायला नको.

काट्यावर असताना कोऱ्या भागावर भिंगही धरायला सांगा. सराफांना कानशीची खूण लगेच ओळखता येते. एका दिशेनं गेलेल्या समांतर बारीक रेघा, किंवा बाकी नाणं मळकं असताना तेवढाच भाग लख्ख, असं दिसलं तर समजून जा. खऱ्या नाण्याचा कोरा भागही बाकीच्या नाण्याबरोबरच हाताळला गेलेला असतो, त्यामुळे दोघांचा रंग आणि झीज सारखी असते.

भाच्याच्या रुपयाला फार वेळ द्यायला नको. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात रुळावर नाणं ठेवायचा खेळ पोरं करतात आणि त्यातून पातळ, लांबोळकी नाणी निघतात. यात पाहायचं ते अक्षरांकडे. टांकसाळीत कड्याविना छापलेलं नाणं थोडं पसरट होतं, पण त्यावरची अक्षरं आणि मुद्रा नेहमीच्याच मापाची आणि ठसठशीत असतात, कारण ठसा तोच असतो. चाकाखाली गेलेल्या नाण्याची अक्षरंच ताणली जातात, लांब होतात, सपाट होतात. तुम्ही ‘लांबट’ लिहिलंत त्यातच उत्तर आलं. पोराला रुळाजवळ जाऊ नको म्हणून सांगा. यातली ही गोष्ट खरोखर काळजीची आहे.

सालाखालच्या चांदणीचंही उत्तर सोपं आहे. आपल्या देशात चार टांकसाळी आहेत आणि त्यांच्या खुणा वेगवेगळ्या. चांदणी हैदराबादची, चौकट म्हणजे हिऱ्याची आकृती मुंबईची, गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याची टांकसाळ खूणच घालत नाही. म्हणून ‘काहीच नाही’ हीसुद्धा एक ओळख आहे, चूक नव्हे. जुन्या नाण्यांवर कधी इंग्रजी अक्षरही सापडेल. मागणी वाढली तेव्हा सरकारनं काही नाणी परदेशातल्या टांकसाळींकडून पाडून घेतली होती, उदाहरणार्थ १९८८ च्या काही नाण्यांवरचं ‘सी’ हे कॅनडातल्या ओटावा टांकसाळीचं. हौस असेल तर एकाच सालाच्या चारही खुणा जमवून पाहा, चिल्लर मोजताना त्याला काही खर्च येत नाही.

दुकानात बसून नाणी पाहताच आहात, तर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नाण्यावर जादा रेघ दिसली तर नखानं चाचपा. रेघ वर उठलेली असेल तर ठशाला तडा गेला असण्याची शक्यता आहे, कारण आघाताच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो. रेघ खोल गेलेली असेल तर तो नंतर पडलेला ओरखडा. वापरात नाणं झिजतं, चेपतं, खरवडलं जातं, पण त्याच्यावर सुबक उठावाची रेघ सहसा आपोआप येत नाही. दुसरं, कड खाल्लेलं नाणं मिळालं तर इथेही समोरच्या कडेकडे पाहा. खऱ्या नाण्यात खड्ड्याच्या बरोबर समोरची किनार बहुधा पुसट असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात चकती खड्ड्यापाशी आली की समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. पकडीनं तोडलेल्या किंवा घासलेल्या नाण्यात समोरची किनार ठसठशीत असते. ही खूण कामाची आहे, कारण फसवणारा नाण्याच्या एकाच जागेवर मेहनत घेतो आणि दुसऱ्या जागेचा विचार करत नाही.

अक्षरं पुसट छापलेली, एखादा अंक भरून आलेला, असंही बरंच दिसेल. ठशात तेल-मळ साचला की तसं होतं. ती चूक खरी असते, पण इतकी सर्रास होते की तिच्यासाठी कुणी जास्तीचे पैसे देत नाही. मोल चुकीच्या खरेपणाला तर आहेच, पण ती किती मोठी, किती विरळ आणि साल-खूण दिसते की नाही यावरही ते ठरतं. तुमच्या दोन रुपयांवर साल आणि त्याखालची जागा शाबूत असेल तर संग्राहकाला ते जास्त आवडेल. लाखांची स्वप्नं मात्र नकोत. त्या आशेवरच तर हे फोनवाले जगतात, आणि दिवसभर दुकानात राबून साठवलेले दोन हजार त्यांच्या खिशात जावेत याची मला मनापासून चीड येते.

नाणं धुऊ नका, ताई. देवाच्या तांब्या-पितळेला चिंच लावतो तशी तर मुळीच नाही. राख नको, लिंबू नको, पावडर नको. मळ निघाला की त्याबरोबर वरचा थर जातो, आणि खऱ्या नाण्याचीही किंमत पडते. कडेनं धरा, कागदाच्या पाकिटात ठेवा, सेलोटेप चिकटवू नका. दाखवायचं झालं तर नाशिक, पुणे, मुंबईला नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे समोरासमोर दाखवा. दोन-तीन जणांचं मत घ्या आणि पहिल्याच माणसाला विकू नका. पोस्टानं किंवा कुरिअरनं अनोळखी माणसाकडे नाणं पाठवू नका.

मला परत लिहिणार असाल तर दोन रुपयांच्या नाण्याचे तीन फोटो पाठवा. दोन्ही बाजूंचा एकेक आणि कडेचा एक, सावलीतल्या उजेडात, शेजारी त्याच नमुन्याचं साधं नाणं ठेवून. सराफानं सांगितलेलं वजन सोबत लिहा. आणि कोऱ्या भागाच्या समोर किनार पूर्ण आहे की नक्षी कापली गेली आहे, हे फोटो काढण्याआधी स्वतः पाहून मला कळवा.